जुन्या डिरेलरचा ढिलेपणा: काय बदलावं, काय घडवून घ्यावं आणि कशाला हात लावू नये

प्रश्न थोडक्यात असा आहे. काकांनी इंग्लंडहून आणलेली दहा गिअरची जुनी रॅले आहे, मागच्या डिरेलरवर (चेन एका दातेरी चक्रावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या यंत्रणेवर) सनटूर या जपानी कंपनीचं नाव लिहिलंय, गिअरचे लिव्हर फ्रेमच्या खालच्या नळीवर आहेत. सायकल बरीच वर्षं माळ्यावर पडून होती. आता साफ करून चालवायला काढली, तर पन्हाळ्याच्या चढाला गिअर आपोआप बदलतो, डिरेलर हातानं हलवला तर लुळा लागतो, आणि त्यातल्या दोन छोट्या चाकांचे दात टोकदार झालेत. दुकानात सांगितलं, हा काढून टाका, नवा बसवू. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका टर्नरनं सांगितलं, डिरेलरचे सांधे जोडणाऱ्या चारी पिना काढून भोकांत गनमेटलचे बुश (धातूच्या छोट्या नळ्या) मारून देतो, नव्यासारखा होईल. कुणाचं ऐकायचं?

आत्ता तरी दोघांचंही नको. दोघंही अगदी चुकीचं बोलत नाहीत, पण दोघांपैकी कुणी सायकल चढाला चालवून बघितलेली दिसत नाही. तुम्ही तीन तक्रारी एका गाठोड्यात बांधून दिल्यात: गिअर आपोआप बदलणं, डिरेलरचा ढिलेपणा आणि चाकांची झीज. तिन्ही एकाच जागी दिसतात म्हणून तिन्हींचं मूळ एकच असतं असं नाही. माझा अंदाज असा की चढाला गिअर बदलतो ती तक्रार बहुतेक डिरेलरची नाहीच. अंदाजच म्हणतो, कारण सायकल माझ्या समोर नाही. मी टूलरूममध्ये फिटर होतो, आता जुन्या गिअरच्या सायकली दुरुस्त करतो; आणि लोक डिरेलर घेऊन येतात तेव्हा मी आधी सायकल आणायला सांगतो, ती याच कारणानं.

डिरेलरच्या आत एक स्प्रिंग असते. ती त्याला कायम बाहेर, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चक्रांपैकी सगळ्यात लहान चक्राकडं ओढत असते. आपण केबल ओढून तिच्या विरुद्ध जातो आणि चेन मोठ्या चक्रावर नेतो. तुमच्या लिव्हरला ठरावीक खटके नाहीत, तो नुसत्या वॉशरच्या घर्षणावर जागेवर थांबतो. चढाला तुम्ही मोठ्या चक्रावर असता तेव्हा स्प्रिंग सगळ्यात जास्त ताणलेली असते, त्यात उभं राहून पायडल मारलं की फ्रेमही थोडी पिळते. लिव्हरची पकड कमी असेल तर तो केसभर पुढं सरकतो आणि चेन लहान चक्रावर उतरते. म्हणून मला एक सांगा: गिअर बदलतो तेव्हा पायडल जड होतं ना? जड होत असेल तर पुढच्या वेळी चढाला लिव्हर अंगठ्यानं दाबून धरा. गिअर टिकला, तर दोष लिव्हरचा. त्याच्या मधला स्क्रू आवळा. आवळूनही सरकत असेल तर लिव्हर उघडा, वॉशरचा क्रम फोटो काढून ठेवा, सगळे पेट्रोलनं पुसून कोरडेच बसवा. तिथं कुणीतरी हौसेनं तेल सोडलेलं असतं, हे मी कित्येकदा पाहिलंय. सनटूरच्या काही लिव्हरांत आत बारीक दात्यांचं रॅचेट असतं आणि ओढताना कटकट आवाज येतो. त्या आवाजाला गिअरचे खटके समजू नका. शेवटी तोही घर्षणावरच थांबतो.

पायडल जड न होता नुसती चेन दाणकन उडत असेल आणि पुन्हा त्याच चक्रावर बसत असेल, तर प्रकरण चेन आणि फ्रीव्हीलचं, म्हणजे मागच्या चक्रांच्या गठ्ठ्याचं आहे. स्टीलची फूटपट्टी चेनवर ठेवा. नव्या चेनच्या पहिल्या पिनेपासून पंचविसाव्या पिनेपर्यंतचं अंतर बरोबर बारा इंच असतं, कारण पिच, म्हणजे दोन पिनांमधलं अंतर, अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी. एक सोळांश इंच जास्त भरलं तर चेन बदला. एक अष्टमांश भरलं तर फ्रीव्हीलही गेलं असं धरून चाला, कारण तिथवर लांबलेल्या चेननं त्याचे दात खाल्लेले असतात. डिरेलरच्या चाकांच्या टोकदार दातांनी चेन उडत नाही. ती चाकं ताकद वाहत नाहीत, फक्त चेनला वाट दाखवतात आणि ताणून धरतात.

तिसरी तपासणी डिरेलर ज्या कानावर लटकतो त्या हँगरची. माळ्यावर सायकल आडवी पडलेली असते, वर काहीबाही ठेवलेलं असतं, आणि तो कान आत वाकतो. यासाठी महागडं गेज लागत नाही. गिअरच्या सायकलच्या मागच्या हबचा क्विक-रिलीज एक्सल बहुतेक १० मिमी जाडीचा आणि एक मिमी पिचचा असतो, आणि हँगरचे आटेही तेच. असा एक्सल असलेलं दुसरं चाक मिळवा, त्याचा एक्सल एका बाजूला जास्त बाहेर काढा आणि तो डिरेलरच्या जागी हँगरमध्ये फिरवून बसवा. आता दोन चाकं शेजारीशेजारी उभी राहतात. रिमांमधलं अंतर वर, खाली आणि मागं मोजा. सगळीकडं सारखं आलं तर हँगर सरळ आहे. फ्रेम स्टीलची आहे म्हणून वाकलेला हँगर त्याच चाकाला धरून हळूहळू सरळ करता येतो. अॲल्युमिनियमच्या फ्रेमवर मी असा सल्ला देणार नाही. आपल्याकडच्या साध्या काळ्या सायकलचा एक्सल यासाठी चालत नाही, त्याचे आटे वेगळे, जबरदस्तीनं फिरवलात तर हँगर नासेल.

या तीन गोष्टींना पैसे जवळजवळ लागत नाहीत. त्या झाल्यावरच डिरेलरकडं वळा.

आता ढिलेपणा. तुम्ही डिरेलर खालून धरून हलवला आणि तो हलला. नवाही थोडा हलतो. प्रश्न हा की किती, आणि नेमका कुठला सांधा. जुन्या वाड्याच्या दाराची बिजागरी सुतभर झिजली की दाराची दुसरी कड बोटभर खाली येते, तसंच इथं होतं. पिनेत ०.१ मिमी खेळ, म्हणजे मोकळी हालचाल असेल आणि ज्या तुकड्यात ती पिन बसते तो बारा मिमी रुंद असेल, तर तिथून पन्नास मिमी लांब असलेल्या वरच्या चाकाशी तो खेळ चौपट, म्हणजे ०.४ मिमी होतो. हाताला तो भयंकर वाटतो. पण पाच चक्रांच्या जुन्या फ्रीव्हीलवर दोन चक्रांमधलं अंतर साडेपाच मिमीच्या आसपास असतं. चेन घासायला लागली की तुम्ही लिव्हर जरासा हलवून ती मध्यावर आणता. लिव्हर हातानं जुळवायचा असल्यामुळं हा खेळ चालवणाऱ्याच्या अंगठ्यात जिरून जातो.

शिमानो या जपानी कंपनीनं १९८४ मध्ये आपल्या ड्युरा-एस या भागांच्या संचात खटक्यांचे गिअर आणले, त्यानंतर हे गणित बदललं. खटक्यात लिव्हर ठरावीक केबल ओढतो, चेन नेमक्या जागी गेलीच पाहिजे, तिथं ०.४ मिमी खुपतो. आजच्या दहा चक्रांच्या कॅसेटवर तर अंतर चार मिमीपेक्षा थोडं कमीच असतं. इंटरनेटवर डिरेलरचा खेळ काढण्याबद्दल जे वाचायला मिळतं त्यातलं बरंच अशा गिअरांसाठी आहे. ते तुमच्या सायकलला जसंच्या तसं लावू नका.

म्हणून आधी सांधा शोधा. डिरेलर सायकलवरच ठेवा, चेन काढा, आणि एकेक सांध्यावर नख टेकवून दुसऱ्या हातानं खालचा भाग हलवा. नखाला दोन तुकडे एकमेकांवर सरकताना जाणवतात. क्रम असा ठेवा: हँगरचा मोठा बोल्ट, मग चार पिना, मग पिंजरा (दोन छोटी चाकं धरणारी पत्र्यांची चौकट) जिथं फिरतो तो खालचा सांधा, शेवटी चाकं. चारी पिना सारख्या झिजलेल्या मला क्वचितच दिसल्यात. बऱ्याचदा मोठ्या बोल्टाचा आणि वरच्या चाकाचा मिळून निम्म्याहून जास्त ढिलेपणा निघतो, आणि या दोन्ही गोष्टी पिनांना हात न लावता सुधारतात. बोल्टाच्या खांद्यावर योग्य जाडीचा पितळी शिम वॉशर घातला की बाजूचा खेळ जातो. वॉशर इतकाच जाड हवा की बोल्ट पूर्ण आवळल्यावरही डिरेलर मोकळा झुलला पाहिजे.

चाकांबद्दल सविस्तर लिहितो, कारण इथं खर्च कमी आणि फायदा जास्त असतो. जुन्या चाकाचे चार भाग असतात: दातेरी चाक, त्याच्या आतला धातूचा बुश, दोन्हीकडच्या धूळ अडवणाऱ्या टोप्या आणि बोल्ट. बोल्ट बुशला पिंजऱ्याच्या पत्र्यांत आवळतो आणि चाक बुशवर फिरतं. त्यामुळं बुशची लांबी चाकाच्या मधल्या जाडीपेक्षा किंचित जास्तच हवी. ०.१ ते ०.१५ मिमी पुरते. बुश घासून आखूड झाला की बोल्ट आवळताच चाक जाम होतं, मग माणूस बोल्ट ढिला ठेवतो, आणि तो बोल्ट एक दिवस रस्त्यात गळून पडतो. चाक झिजलंय म्हणून बदलायला आणतात आणि निम्म्या वेळा फक्त बुश नवा करून काम भागतं.

दोन्ही चाकं अगदी सारखी असतील तर एक फुकटचा उपाय आहे: वरचं खाली आणि खालचं वर. चेन चक्रावर नेऊन ठेवायचं काम वरच्या चाकाचं, म्हणून त्याची झीज जाणवते. खालचं चाक झिजलं तर फार तर आवाज करतं.

विकत घ्यायचं असेल तर दात मोजा. जुन्या डिरेलरांत दहा दातांची चाकं सर्रास असतात, आज दुकानात अकरा दातांचं सहज मिळतं. एका दातानं काय फरक पडतो असं वाटेल, पण पिच १२.७ मिमी असताना दहा दातांच्या चाकाचा पिच व्यास ४१.१ मिमी येतो आणि अकरा दातांचा ४५.१ मिमी. म्हणजे चाक सगळ्या बाजूंनी दोन मिमी मोठं. काही पिंजऱ्यांत ते चेन अडवणाऱ्या पत्र्याच्या जिभेला घासतं, काहींत सुखानं बसतं. हे डिरेलरच्या मॉडेलवर अवलंबून आहे, म्हणून चाक हातात घेऊन बसवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. शिवाय जाडी बघा: तुमची चेन आतून २.४ मिमीच्या आसपास रुंद असणार. अकरा स्पीडसाठी केलेलं पातळ चाक त्यात चालतं, पण चेन त्यावर इकडून तिकडं हलते. आणखी एक, शिमानोच्या काही वरच्या चाकांत बाजूचा खेळ मुद्दाम ठेवलेला असतो, खटक्याचा गिअर आपोआप मध्यावर बसावा म्हणून. त्याला ते सेंटेरॉन म्हणतात. ते चाक तुमच्या डिरेलरवर बसवलंत आणि पुन्हा ढिलं लागलं, तर बसवणाऱ्याला बोल लावू नका.

घडवून घ्यायचं असेल तर डेल्रिनच (ॲसिटल नावाचं कडक प्लास्टिक) घ्या, नायलॉन नको. नायलॉन ६ पाण्यात मुरलं तर वजनाच्या आठ-नऊ टक्क्यांपर्यंत पाणी पितं आणि फुगतं, डेल्रिन एक टक्क्याच्या आत-बाहेर थांबतं. कोल्हापूरच्या पावसाळ्यात, त्यातही गगनबावड्याच्या बाजूला फिरणार असाल, तर नायलॉनचं चाक फुगून पिंजऱ्यात जाम होतं. दुकानात दोन्ही रॉड पांढरटच दिसतात आणि विकणाऱ्यालाही कधी फरक माहीत नसतो. घरी तपासा: पाण्यात मीठ विरघळायचं थांबेपर्यंत घाला आणि रॉडचा तुकडा टाका. नायलॉन तरंगेल, डेल्रिन बुडेल. साध्या पाण्यात दोन्ही बुडतात, म्हणून मीठ.

दात पाडायला गिअर कटर लागत नाही. डेल्रिनची चकती मापापेक्षा थोडी मोठी ठेवा. तिच्यावर ४१.१ मिमी व्यासाच्या वर्तुळावर दर छत्तीस अंशांनी आठ मिमीची दहा भोकं पाडा, डिव्हायडिंग हेड असलेल्या मिलिंगवर हे काम पटकन होतं. मग चकती मँड्रेलवर धरून बाहेरचा व्यास ४५ मिमीपर्यंत टर्न करा. भोकं उघडी पडतात आणि मध्ये दात उरतात. लोक इथं थांबतात आणि चेन अडकते. कारण साधं आहे: चेनचा रोलर पावणेआठ मिमीचा असतो आणि उघडलेल्या भोकाचं तोंड सातच मिमी राहतं. दाताच्या दोन्ही बाजू कानशीनं तिरक्या करून तोंड साडेआठ-नऊपर्यंत मोकळं करा, दाताची जाडीही दोन मिमीवर आणा आणि टोक गोल करा. बुश स्टीलचा, पॉलिश केलेला. चाकाचं भोक बुशपेक्षा ०.१ मिमी मोठं ठेवा. धातूच्या सवयीनं टर्नर घट्ट बसवेल, पण प्लास्टिकला जास्त मोकळीक लागते.

आता पिना. टर्नरनं सांगितलेलं काम हेच, आणि इथंच मी सगळ्यात सावध असतो. आपल्या उद्यमनगरात हात कसलेले आहेत यात शंका नाही. ऑइल इंजिनाच्या आणि पंपांच्या बुशिंगवर ज्यांची उमेद गेली त्यांना पाच मिमीचा बुश म्हणजे पोरखेळ. अडचण कौशल्याची नाही. अडचण अशी की इंजिनाचा एक बुश एकट्यानं बरोबर असला तरी भागतं, आणि इथं चार भोकं एकमेकांशी बांधलेली आहेत. डिरेलरचं शरीर म्हणजे दोन पट्ट्या आणि त्यांच्या मधले दोन तुकडे चार पिनांनी जोडून झालेला समांतरभुज चौकोन. समोरासमोरच्या बाजू तंतोतंत सारख्या लांबीच्या असतील तरच तो न पिळता हलतो. एका भोकाचा मध्य ०.२ मिमी सरकला तरी एका टोकाला ढिला आणि दुसऱ्या टोकाला जड असा विचित्र डिरेलर तयार होतो. आणि भोक ड्रिलवर मोठं करायला घेतलं तर मध्य सरकतोच, कारण झीज एका बाजूला असते आणि ड्रिल काय, रीमर (भोक नेमक्या मापाला आणणारं हत्यार) काय, दोन्ही झिजलेल्या बाजूला पळतात.

म्हणून पहिलं काम निदान. पिनेच्या डोक्यावरून पट्टीपर्यंत बारीक मार्करनं एक सरळ रेघ ओढा आणि डिरेलर आत-बाहेर हलवा. रेघ तुटली तर पिन पट्टीत फिरते, रेघ अखंड राहिली तर पिन पट्टीत घट्ट आहे आणि मधल्या तुकड्यात फिरते. झीज जिथं फिरतं तिथंच. चुंबकही लावून बघा. पट्ट्या स्टीलच्या आणि मधला तुकडा अॲल्युमिनियमचा असेल तर झीज बहुधा मधल्या तुकड्याच्या भोकात, आणि पिन जवळजवळ नवीच असते.

खेळ फक्त बाजूचा, म्हणजे पिनेच्या लांबीच्या दिशेनं असेल तर पिनेचं डोकं ऐरणीवर ठेवून दुसऱ्या टोकाला हलके ठोके देऊन तो काढता येतो. हे स्टीलच्या डिरेलरवर चालतं. ओतीव अॲल्युमिनियमवर किंवा जस्ताच्या मिश्रधातूवर ठोकाल तर कान तुटून हातात येईल. भोक लांबट झालं असेल तर ठोकून काही होत नाही, फक्त सांधा जड होतो आणि आठवड्याभरात पुन्हा सैल.

भोक अगदी थोडं लांबट असेल तर बुशपेक्षा जाड पिन बरी. भोक ०.२ मिमीनं रीम करा आणि त्या मापाची पिन घाला. पिनेसाठी सिल्व्हर स्टील मिळालं तर उत्तम. नाही मिळालं तर चांगल्या ड्रिल बिटाची दांडी वापरा: ती ग्राइंड केलेली असते, मापं ०.१ मिमीच्या पायऱ्यांनी मिळतात आणि दांडी नावाच्या मापापेक्षा शतांशांत बारीक असते, जी आपल्याला हवीच असते. ती रिव्हेट करता येत नाही, म्हणून जिथं फिरत नाही त्या पट्टीत रिटेनिंग कंपाउंडनं (धातूचे भाग पक्के धरणाऱ्या पातळ गोंदानं) पक्की करा. कंपाउंडचा एक थेंब पुरे. जास्त झाला तर तो फिरणाऱ्या सांध्यात झिरपतो, आणि मग तो सोडवायला उष्णता द्यावी लागते.

बुश तेव्हाच, जेव्हा भोक पुष्कळ खराब आहे आणि भोवती धातू शिल्लक आहे. मधल्या तुकड्याचा कान बाहेरून नऊ मिमी असेल आणि पिन पाचची, तर साडेसहा मिमीचा बुश बसल्यावर कानाची भिंत सव्वा मिमी उरते. ठीक आहे. एक मिमीच्या खाली जात असेल तर मी नाही म्हणतो, कारण पातळ भिंत दाबानं तडकते. गनमेटल चालेल, फॉस्फर ब्राँझ त्याहून बरं. जुन्या ओतीव तुकड्यात बुश ठोकून घट्ट बसवण्यापेक्षा हलका सरकता ठेवून कंपाउंडनं पक्का करणं मला जास्त सुरक्षित वाटतं. आणि कठीण पिन, मऊ बुश असंच हवं. पुढची झीज बुशनं खावी, जो पुन्हा करता येतो. डिरेलरचं शरीर पुन्हा करता येत नाही. कडक स्टीलचा बुश मागणारे लोक भेटतात, "टिकाऊ होईल" म्हणून. टिकतो बुश, झिजते पिन किंवा कान.

एका वेळी एकच पिन काढा. बाकी तीन पिना चौकोनाला आकारात धरून ठेवतात. भोक मशिनवर धरताना, झीज नसलेल्या भागावर, साधारणपणे भोकाच्या मध्यभागी, डायल गेजनं मध्य घ्यायला सांगा. पिन तोंडाशी जास्त खाते, आत कमी. एवढं ऐकून टर्नर हसला आणि "ड्रिल मशिनवर दोन मिनिटांचं काम" म्हणाला, तर चहा घेऊन परत या.

जाम झालेल्या पिनांची गोष्ट वेगळी. २०१९ च्या महापुरानंतर गाळात राहिलेल्या सायकली आल्या, त्यांत डिरेलर ढिले नव्हते, दगड झाले होते. तिथं डिझेलमध्ये बुडवून ठेवणं आणि रोज थोडं हलवणं एवढंच करावं. तुमचाही माळ्यावरून आलाय, तेव्हा आधी तसंच धुवा. वाळलेलं ग्रीस निघाल्यावर कधी ढिलेपणा वाढलेला वाटतो, कारण ग्रीसनंच तो धरून ठेवलेला असतो; खरं माप तेच. गॅरेजच्या कॉस्टिकच्या टाकीत मात्र डिरेलर टाकू देऊ नका. इंजिनाच्या बिडाला ते चालतं, अॲल्युमिनियमला कॉस्टिक खातं.

स्प्रिंगबद्दल थोडक्यात. पिंजऱ्याची स्प्रिंग मऊ वाटली तर आधी ती दुसऱ्या भोकात अडकवता येते का बघा, बऱ्याच डिरेलरांत ताण वाढवायला जादा भोक असतं. उघडताना स्प्रिंग कुठल्या हाताची आहे, डावी की उजवी, ते लिहून ठेवा आणि डोळ्यांना चष्मा लावा. टोक वाकवायला गॅसवर तापवू नका, पाणी उतरतं. क्रोम करायला पार्ट देणार असाल तर स्प्रिंग आधी काढून घ्या, कारण प्लेटिंगच्या आधीच्या ॲसिडनं कडक स्प्रिंग ठिसूळ होते आणि कधीतरी चालता चालता तुटते.

सिम्प्लेक्स या फ्रेंच कंपनीचा जुना प्रेस्टिज डिरेलर असता तर माझं उत्तर वेगळं असतं. त्याचं शरीरच डेल्रिनचं आहे, ते तडकलं की चिकटत नाही; डेल्रिनला इपॉक्सी धरत नाही. तिथं दुरुस्तीवर पैसे घालू नयेत. तुमचा धातूचा आहे आणि घडणही चांगली आहे. तिरका समांतरभुज चौकोन सनटूरनं १९६४ मध्ये आणला. त्यामुळं वरचं चाक लहान-मोठ्या सगळ्या चक्रांपासून जवळपास सारख्या अंतरावर राहतं आणि गिअर हलक्या हातानं बदलतो. पेटंट १९८४ मध्ये संपलं आणि मग बाकीच्यांनी तेच उचललं. म्हणजे दुकानदार जो नवा, स्वस्त डिरेलर बसवतो म्हणतोय त्याच्या आतही तुमच्याच डिरेलरची युक्ती आहे.

तो नवा चालेल का? चालेल. घर्षणाच्या लिव्हरला बहुतेक कुठलाही डिरेलर चालतो, फक्त तुमच्या फ्रीव्हीलचं मोठं चक्र त्याला पेललं पाहिजे. तुम्हाला फक्त रंकाळ्याभोवती फेऱ्या मारायच्या असतील आणि काकांच्या सायकलवर फार जीव नसेल, तर नवा बसवा आणि जुना डब्यात तेल लावून ठेवा. देऊन टाकू नका. मूळ कंपनी आता त्या रूपात नाही, आजची एसआर सनटूर मुख्यतः सस्पेन्शन फोर्कसाठी ओळखली जाते, जुन्या डिरेलरचे भाग तिच्याकडं मागून उपयोग नाही. तुमच्या प्रश्नाच्या सुरावरून मात्र वाटतं की तुम्हाला तोच चालवायचाय. मग लिव्हर, चेन, हँगर, मोठा बोल्ट, चाकं या क्रमानं जा आणि पन्हाळ्याला एक फेरी मारून या. बहुतेक पिनांपर्यंत जावंच लागणार नाही.

जावं लागलंच, तर टर्नरकडं तोंडी सांगू नका, चिठ्ठी द्या: कुठली पिन, ती कशात फिरते, भोकाचं दोन दिशांना व्हर्निअरनं घेतलेलं माप, पिनेचं मधलं आणि टोकाचं माप, एका वेळी एकच पिन, रीमरशिवाय ड्रिल नाही. आणि जुन्या पिना व बुश परत मागून घ्या; पुढचं माप त्यांच्यावरूनच काढावं लागेल.